डोक्यावरचा पत्रा आणि वहीची सावली

आमच्या जळगावच्या घरामागे, घरापासून सुटे असे एक गॅरेज आहे. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद; भिंती विटांच्या आणि वर पन्हळी पत्रा. गाडी विकल्यावर त्यात अडगळ साठली होती. मुलगी दहावीला गेली, तेव्हा तिला आणि गल्लीतल्या तिच्या चार मैत्रिणींना अभ्यासासाठी शांत जागा हवी झाली. गॅरेज रिकामे केले. भिंतींचे पोपडे सुटत होते आणि पत्र्याखालच्या जुन्या लाकडी फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "सर, फळ्या काढून टाकू. भिंतींना आणि वर छताला आतून रंगीत पत्रा मारू. ना वाळवी, ना पोपडे." भिंतींचे काम झाले. छताचे पैसे जमेपर्यंत एप्रिल उजाडला.

एके दुपारी मुलगी घरात आली आणि म्हणाली, "बाबा, पंखा चालू आहे, दारं-खिडक्या उघड्या आहेत, तरी डोकं भाजतंय." मी दोन तापमापक घेतले. ओसरीवर पारा 40 अंशांवर होता, गॅरेजमधल्या टेबलाजवळ 42 वर. फरक अवघा दोन अंशांचा! मग ओसरीवर बसवते आणि गॅरेजमध्ये का बसवत नाही?

उत्तर एका मैत्रिणीने नकळत दिले. तिने सहज वही डोक्यावर धरली आणि ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." वही काढली की पुन्हा चटका. वहीमुळे खोलीतली हवा काही थंड झाली नव्हती. तरीही आराम मात्र तत्क्षणी मिळाला. याचा अर्थ काय?

उष्णता आली कोणत्या वाटेने?

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन वाटांनी प्रवास करते, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. गरम हवा वर चढते, म्हणजे अभिसरणाने ती पत्र्याखालून आपल्या डोक्यावर उतरणार नाही. पत्र्याला आपला स्पर्शही नाही. राहिले प्रारण. तापलेला पत्रा अवरक्त किरण फेकतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रकाशासारखेच सरळ रेषेत येतात आणि म्हणून वहीने अडतात. वहीची सावली पडते, ती या किरणांची.

हे प्रारण किती असेल? स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार ते केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. जुनाट पत्रा दुपारी सहज 65 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे 338 केल्विनपर्यंत तापतो. आपली त्वचा 35 अंशांच्या आसपास असते. गणित केले, तर पत्र्याकडून आपल्याकडे येणारी आणि आपल्याकडून पत्र्याकडे जाणारी उष्णता यांतला फरक दर चौरस मीटरला सुमारे 200 वॅट निघतो. आमचे छप्पर 15 चौरस मीटरचे. म्हणजे एकेक किलोवॅटच्या तीन विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगून, त्यांच्याखाली मुली भूमिती सोडवत होत्या!

जाड पत्रा घातला तर?

शेजाऱ्यांनी सुचवले, "पत्रा पातळ आहे, जाड घाला." हिशेब करून पाहू. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे 50 वॅट प्रति मीटर केल्विन आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून दर चौरस मीटरला 200 वॅट जात असतील, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या तापमानांत फरक किती पडेल? एका अंशाचा दोन-हजारांश भाग! जाडी दुप्पट केली, तर चार-हजारांश. म्हणजे पत्रा म्हणून पत्रा उष्णतेला अडवतच नाही.

मग मिस्त्रींचे पत्र्याचे छत व्यर्थच का? नाही. दोन पत्रे एकमेकांना चिकटवले, तर ते व्यर्थ. पण त्यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवली, तर वरच्या पत्र्याची उष्णता खालच्याला, आणि मग खालच्याची आपल्याला, अशी दोनदा द्यावी लागते. काम पोकळी करते, पत्रा नव्हे. त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळ्या ठेवल्या, एक खाली वळचणीशी आणि एक वर आढ्याशी, तर तापलेली हवा वरच्या जाळीतून निघून जाते आणि खालच्या जाळीतून नवी येते.

चकचकीत की पांढरा?

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षी मी छपरावर चंदेरी रंग मारून घेतला होता. चकाकते ते थंड राहते, असा माझा ढोबळ समज. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने असे करावे, याची आज गंमत वाटते.

पत्र्याचे दोन व्यवहार असतात. एक, सूर्यप्रकाश परत पाठवणे. दुसरा, स्वतःची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकणे. चकचकीत धातू पहिला व्यवहार बरा करतो, पण दुसऱ्यात अगदी कंजूष असतो. चंदेरी रंगातही धातूचीच भुकटी असते. त्यामुळे जी थोडी उष्णता आत शिरते, ती बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पत्रा तापतच राहतो. चुन्याचा पांढरा थर मात्र बहुतेक सूर्यप्रकाश परतवतो आणि शिवाय स्वतःची उष्णताही सढळ हाताने आकाशाकडे फेकतो. आहे की नाही मौज? आपल्या डोळ्यांना पांढरा दिसणारा चुना अवरक्त किरणांच्या हिशेबाने जवळजवळ काळाच असतो!

म्हणून छपराच्या वरच्या बाजूला पांढरा चुना हवा. अहमदाबादेत 2017 पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम सुरू झाली, तिच्यामागचे शास्त्र हेच.

पण पोकळीच्या आत उलट पाहिजे. तेथे वरच्या पत्र्याने खाली काहीच टाकू नये, अशी आपली इच्छा. म्हणजे कंजूष चकचकीत पृष्ठभागच हवा! तापलेल्या पत्र्याखाली थोडे अंतर सोडून ॲल्युमिनियमचा स्वच्छ पातळ पत्रा ताणून बसवला, तर पोकळीतून प्रारणाने खाली येणारी उष्णता सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. त्याची चकाकी खालच्या बाजूला ठेवावी, कारण वरच्या बाजूवर धूळ साचते आणि धूळ कंजूष नसते. तसेच चकाकीसमोर हवा मोकळी हवी. ती बाजू छताला टेकली, तर प्रारणाऐवजी वहन सुरू होते आणि सारा खटाटोप वाया जातो.

हिवाळ्यातली टपटप

उन्हाळा सुधारला, पण थंडीचाही विचार केला पाहिजे. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांना फक्त 9 ग्रॅमच्या आसपास. खोलीत चौघीजणी श्वास सोडत बसल्या, की ती दमट हवा गार पत्र्याला लागते आणि जास्तीच्या वाफेचे थेंब होऊन वह्यांवर टपकतात. मग लोक म्हणतात, "छप्पर गळतंय!" पाऊस नसताना छप्पर गळू लागले, तर डांबर फासण्याआधी दवबिंदू आठवा. पोकळीतल्या त्याच जाळ्या येथेही वाफेला बाहेर काढतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली प्रसरणाची. सहा मीटरचा पोलादी पत्रा 40 अंशांनी तापला, तर जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो; ॲल्युमिनियमचा साडेपाच. म्हणून स्क्रूची भोके थोडी सैल ठेवून रबराचे वॉशर घालतात. तसे न केल्यास भर दुपारी छत कडाड वाजते आणि भोके फाटतात.

दुसरी जिवाची आहे. पत्र्याच्या भिंतीत विजेची तार स्क्रूने सोलली गेली, तर सगळी भिंतच विजेचा धक्का देईल. म्हणून तारा नळीतून न्याव्यात, पत्र्यांना परवानाधारक तारतंत्रीकडून अर्थिंग करून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. ते गळणारा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडते. येथे काटकसर करू नये.

तुम्ही करून पहा

बिस्किटांच्या डब्यांची तीन सारखी पत्र्याची झाकणे घ्या. एक घासून चकचकीत करा, एकाला चुना लावा, एकाला काजळी. उन्हात सारख्याच अंतरावर मांडा आणि प्रत्येकाच्या खाली तापमापकाचा फुगा टेकवून बांधा. अर्ध्या तासाने काय दिसेल, ते आधी वहीत लिहून ठेवा आणि मग पारा वाचा. अंदाज चुकला तर खोडू नका. 'का चुकला?' हे त्याच्याखाली लिहा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गाचे गट पाडून करून घ्यावा.

आमच्या गॅरेजला आता वरून चुना आहे, पोकळीत चकाकी आहे, दोन्ही टोकांना जाळ्या आहेत. मे महिन्यात ते थंड झाले असे मी म्हणणार नाही; हवा 42 अंशांची असेल, तर खोलीही तितकी असणारच. पण आता कोणी डोक्यावर वही धरत नाही. वह्या टेबलावर उघड्या असतात.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरावर पत्राच असेल. आज दुपारी त्याच्याखाली उभे राहा, डोक्यावर वही धरा आणि काढा. उष्णता कोणत्या वाटेने येते, हे तुमचे डोकेच तुम्हाला सांगेल.