भुयारी मेट्रोच्या कामाने शिकवलेल्या सहा गोष्टी

मुंबईतली आरे ते कफ परेड ही मेट्रो 3 मार्गिका 9 ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण लांबीने धावू लागली. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, त्यांतलं एकटं आरेचं जमिनीवर. बाकी सारी जमिनीखाली. या कामात माझा वाटा लहान होता. भुयार ज्या इमारतींखालून किंवा शेजारून जाणार, त्या खचतात का, कलतात का, त्यांचे तडे वाढतात का, हे मोजणाऱ्या पथकात मी होते. त्यामुळे भुयारापेक्षा माझा जास्त वेळ चाळींच्या जिन्यांवर आणि गच्च्यांवर गेला. तिथे जे उमगलं ते लिहून ठेवते आहे, कारण पुण्यात स्वारगेट ते कात्रज मार्ग भुयारीच होणार आहे आणि तिथेही कुणीतरी हीच उपकरणं घेऊन लोकांच्या दारात उभं राहणार आहे.

1. आधी जमीन ओळखा

मुंबईचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे. बेसॉल्टच्या जोडीला ब्रेशिया आहे, टफ आहे, शेल आहे. वरळीच्या अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडलेले आहेत. लाव्हाचे दोन लोट येऊन गेले त्या मधल्या काळात तिथे पाणथळ जागा होती. कफ परेडला तर समुद्रात घातलेला भराव, आणि धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) यांच्यादरम्यान वरून वाहणारी मिठी नदी. एकाच मार्गावर इतकी वेगवेगळी जमीन असल्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. 17 भुयारयंत्रांनी हे काम केलं. त्यांना गोदावरी, वैतरणा, तानसा अशी नद्यांची नावं दिली होती. पहिलं यंत्र सप्टेंबर 2018 मध्ये आरपार निघालं आणि 42वा, शेवटचा टप्पा 30 नोव्हेंबर 2022 ला पार पडला.

2. खोदाईच्या खूप आधी घरात जा

गिरगाव आणि काळबादेवीला रस्ता इतका अरुंद की संपूर्ण स्थानकासाठी वरून खड्डा घेणं अशक्य होतं. शाफ्टमधून खाली उतरून फलाटांच्या पोकळ्या आडव्या खणाव्या लागल्या, आणि वर उभ्या होत्या लाकडी वाशांच्या, पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या इमारती. अशा घराची भिंत काम नसतानाही स्वस्थ नसते. उन्हाळ्यात तडा थोडा उघडतो, पावसाळ्यात वासा फुगतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच्या नोंदी लागतात: प्रत्येक तड्याचा फोटो, त्यावर बसवलेली मिलिमीटरच्या रेघांची पारदर्शक पट्टी, भिंतीवर परावर्तक खुणा, गच्चीवर कल मोजणारं यंत्र. ताप एकदा मोजून आजार कळत नाही, तक्ता लागतो, तसंच हे आहे. आधीचा तक्ता नसेल तर नंतरच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही, मग तो रहिवाशाच्या बाजूचा असो की प्रकल्पाच्या.

या पाहणीचा मोठा फायदा मात्र कागदावर दिसत नाही. पलंग सरकवून मागची भिंत दाखवताना लोक बोलतात. वरच्या मजल्यावर टाकी कधी बसवली, न्हाणीघर कुठून कुठे हलवलं, कुठली तुळई मागे एकदा बदलली, हे कुठल्याच नकाशात नसतं. एका आजींनी मला सांगितलं होतं, “ताई, ही भिंत बघू नको, ही नवी आहे. जुनी हिच्या आत आहे.” त्या वाक्यामुळे आम्ही खूण योग्य जागी लावली.

3. आकडा द्या, आणि त्याचा अर्थही द्या

माणसाच्या शरीराला कंपन फार लवकर कळतं. भांडी खणखणतात, पायाखाली थरथर जाणवते, पण इमारतीला इजा होण्याची पातळी त्याहून बरीच वर असते. हे खरं असलं तरी “काही होत नाही हो काकू” एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मी वहीतला आकडा दाखवायचे, सावध होण्याची मर्यादा कुठली, काम थांबवण्याची कुठली, हे सांगायचे, आणि पुढच्या आठवड्यात तोच आकडा पुन्हा दाखवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लोक स्वतःच विचारायला लागतात, “आज किती आलं?” भीती अशीच कमी होते.

4. कोर्टात जाणारा माणूस प्रकल्पाचा शत्रू नसतो

रात्रीच्या आवाजाविरुद्ध कफ परेडचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या वारसा इमारतीचं प्रकरणही तिथे गेलं, आणि 2018 मध्ये वाडियाजी आणि अंजुमन या दोन आतश बेहरामांच्या (अग्निमंदिरांच्या) पावित्र्यासाठी पारशी भाविकांनी दाद मागितली. काम काही काळ अडलं, पुढे मार्गी लागलं. या सगळ्यांना एका ओळीत ‘विकासविरोधी’ ठरवणं मला कधीच पटलं नाही. न्यायालयात प्रश्न गेला की मोजमाप अधिक काटेकोर होतं आणि उत्तर लेखी द्यावं लागतं. आपल्या घराची, आपल्या श्रद्धास्थानाची काळजी करणाऱ्यांनीच हे शहर टिकवलं आहे.

5. घाईत गमावलेला विश्वास सगळ्यात महाग पडतो

ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्री तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवली तेव्हा 2,141 झाडं पडली होती. पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं, आणि जुलै 2022 मध्ये कारशेड पुन्हा आरेतच आली. सुरुवातीला 23,136 कोटींचा असलेला प्रकल्प 37,276 कोटींवर गेला. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा भार या वादावर टाकता येणार नाही. पण रात्रीच्या अंधारात जे झालं, ते लोकांना दिवसा पटवून देणं कुणालाच जमलं नाही. ज्या शहराला गाडी हवी आहे, त्याच शहराला झाडंही हवी आहेत. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या असतात, हे धरूनच नियोजन करायला हवं.

6. उद्घाटनानंतरही मोजत राहा

मार्ग तीन टप्प्यांत सुरू झाला: ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी, मे 2025 मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि मग कफ परेड. दुसरा टप्पा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, 26 मेच्या मुसळधार पावसात, अत्रे चौक स्थानकाच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशमार्गातून पाणी आत घुसलं. भुयारी मार्गाची खरी परीक्षा त्याच्या तोंडाशी, जिने आणि दरवाजे जिथे रस्त्याला भेटतात तिथे असते. जमिनीखालचं पाणी भुयारामुळे नवीन वाट शोधतं का, इमारती स्थिरावल्या का, हेही काही वर्षं पाहावं लागतं. या कामासाठी चाळी सोडलेल्या कुटुंबांना त्याच परिसरात घर देण्याचं वचनही या मार्गाचाच भाग आहे. ते पूर्ण होईपर्यंत काम झालं असं मी म्हणणार नाही.

पुण्यात हे काम करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. इमारतीच्या नोंदींचा कागद मराठीत तयार करा आणि दर महिन्याला तो त्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावा. आकडे चांगले असोत की वाईट, लावा. ज्यांच्या घराखालून गाडी जाणार आहे, त्या नोंदींवर पहिला हक्क त्यांचा आहे.