भेंडीचे फूल व शालान्त परीक्षेची पूर्वतयारी

शालान्त परीक्षेतील जीवशास्त्राची तयारी इयत्ता दहावीत सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या तयारीचा पाया प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत घातला जातो. अथवा तो घालावयाचा राहून जातो आणि त्याची उणीव तीन वर्षांनी उत्तरपत्रिकेत दिसते.

इयत्ता दहावीला २०१८ साली लागू झालेल्या पाठ्यपुस्तकांत ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाचे दोन भाग करण्यात आले. दुसरा भाग प्रामुख्याने जीवशास्त्राचा असून त्याची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची असते. आनुवंशिकता, श्वसन, पेशीविभाजन, प्रजनन, प्राण्यांचे वर्गीकरण हे त्यातील काही घटक होत. शास्त्रीय कारणे लिहिणे, फरक स्पष्ट करणे आणि नामनिर्देशित आकृती काढणे, अशा स्वरूपाच्या प्रश्नांना केवळ पाठांतर पुरे पडत नाही.

खेड्यातील विद्यार्थ्याची अडचण काही निराळीच असते. पहाटे उठून आईबरोबर भेंडी तोडणारी मुलगी ‘फलनानंतर अंडाशयाचे रूपांतर फळात होते’ हे वाक्य न अडखळता म्हणून दाखविते. परंतु भेंडी हा फुलाच्या कोणत्या भागापासून झाला, असे विचारताच ती गप्प होते. तिने पाहिलेले एकीकडे राहते व वाचलेले दुसरीकडे. ही सांगड न बसल्यामुळे तिला आयते मिळणारे गुण जातात. नापास झालेल्या मुलीचे शिक्षण अनेक घरांत तेथेच थांबते. म्हणून ही गोष्ट लहान समजू नये.

ही सांगड कशी घालावी, हे इयत्ता सातवीच्या पुढील नमुना पाठावरून ध्यानात येईल.

साहित्य व वेळ

चार विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटास भेंडीचे एक उमललेले फूल, एक कळी, एक कोवळी भेंडी आणि बियाण्यासाठी राखलेली एक वाळलेली भेंडी द्यावी. बाभळीचा काटा, पट्टी, पेन्सिल व रंगीत दोरा एवढी साधने पुरेत. पाते शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावे. भेंडीचे फूल सकाळी उमलते व त्याच दिवशी कोमेजते. म्हणून पाठ सकाळच्या तासालाच घ्यावा. पावसाळ्याच्या आरंभी पेरणी झाली असल्यास श्रावणाच्या सुमारास फुले सहज मिळतात.

पाठाचे टप्पे

१. निरीक्षण : प्रथम एकही पारिभाषिक शब्द सांगू नये. पाकळ्या किती? त्यांच्या तळाशी रंग कोणता? मधोमध काय उभे आहे? बोटाला काय लागते? असे प्रश्न विचारावेत. पिवळ्या पाच पाकळ्या, तळाशी गडद तांबडा रंग, मधला स्तंभ, त्यावरील परागकण आणि टोकावरील गडद रंगाचे मखमली ठिपके, ही उत्तरे मुलांकडूनच यावीत.

येथे एक गोष्ट हमखास घडते. काही विद्यार्थी फुलाकडे न पाहता पुस्तकातील चित्र आठवून ‘पाच सुटी हिरवी निदले’ असे लिहितात. भेंडीत तसे नसते. तिचा निदलपुंज फूल उमलताना एका बाजूने फाटतो आणि पुढे पाकळ्यांबरोबर गळून पडतो. कळी व फूल शेजारी ठेवून हे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. जे दिसते तेच लिहावयाचे, हा धडा येथे आपोआप मिळतो.

२. नामकरण : पाहून झाल्यावरच निदलपुंज, दलपुंज, पुमंग व जायांग ही नावे फलकावर लिहावीत. ओळखीच्या वस्तूला मिळालेले नाव विसरत नाही.

३. छेद : शिक्षकांनी फूल उभे चिरून दाखवावे. पुंकेसरांच्या नळीतून कुक्षिवृंत खाली अंडाशयापर्यंत गेलेला दिसतो. अंडाशयात पांढरी, बारीक बीजांडे असतात. लगेच कोवळी भेंडी आडवी कापावी. तिच्यात बहुधा पाच कप्पे आढळतात व प्रत्येकात बिया असतात. अंडाशय व भेंडी यांची तुलना मुलांनीच करावी. अंडाशयाचे फळ व बीजांडाचे बी कसे होते, ते त्यांच्या समोरच असते.

४. नोंद : शेतमालकाची परवानगी घेऊन त्या दिवशी उमललेल्या दोन फुलांच्या देठांना दोरा बांधावा. रोज ठरावीक वेळी फळाची लांबी मोजून वहीत तारीखवार लिहावी. साधारण पाच ते सात दिवसांत भेंडी तोडणीस येते. दुसरी तशीच झाडावर राहू द्यावी. सुमारे महिनाभराने ती वाळते व शिरांवर उकलू लागते.

परीक्षेच्या दृष्टीने सराव

आकृती : आकृती पेन्सिलीने, मोठी व स्वच्छ काढावी. नामनिर्देशाच्या रेषा एकमेकींना छेदू नयेत आणि रेषेचे टोक नेमके त्या भागाला टेकावे. रंगकामात वेळ दवडू देऊ नये.

शास्त्रीय कारण : ‘फुलोऱ्याच्या काळात पावसाची झड लागल्यास काही पिकांत फळधारणा कमी होते.’ येथे ‘पाऊस जास्त झाला म्हणून’ एवढे उत्तर अपुरे आहे. परागकण धुऊन जातात व कीटकांचा वावर मंदावतो. त्यामुळे परागण नीट होत नाही. परिणामी फलन घटते व फळे कमी धरतात. कारण, क्रिया व परिणाम या क्रमाने दोन-तीन वाक्ये लिहिण्याची सवय लावावी.

फरक : परागण व फलन यांतील फरक लिहिताना दोन्ही बाजूंस एकाच मुद्द्याची तुलना हवी. परागणात परागकण कुक्षीवर पोचतात. फलनात नरयुग्मक व अंडपेशी यांचा संयोग होतो. परागण कुक्षीवर घडते, फलन बीजांडात घडते. एका बाजूस स्थान व दुसऱ्या बाजूस साधन लिहिले, तर तो फरक ठरत नाही.

उजळणीची रीत

गावातील दहावीचे विद्यार्थी अनेकदा आपल्या जुन्या गुरुजींकडे वा बाईंकडे शंका घेऊन येतात. पाठ पुनःपुन्हा वाचत बसण्याऐवजी पुस्तक मिटून आकृती व मुद्दे आठवून लिहावयास त्यांना सांगावे. नंतर पुस्तक उघडून चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त कराव्यात. हाच घटक चार दिवसांनी व पुन्हा पंधरवड्याने असाच लिहावा. वाचताना सर्व येते असे वाटते. काय येत नाही ते लिहिताना कळते.

मूल्यमापन

पाठानंतर आठवड्याने जास्वंदीचे फूल वर्गात आणावे. जास्वंद, कापूस व भेंडी ही एकाच कुलातील आहेत, हे आधी सांगू नये. भेंडीशी साम्य कोठे व भेद कोठे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून लिहावे. मधला स्तंभ दोन्हींत सारखा आहे, हे ज्यास आपण होऊन दिसले, त्याचा पाठ पक्का झाला असे समजावे. ज्यास दिसले नाही, त्यास गुण कमी देऊन सोडून न देता दोन्ही फुले पुन्हा हाती द्यावीत व शेजारी बसून दाखवावे. सातवीत यासाठी वेळ असतो. दहावीत तो क्वचितच उरतो.