स्वस्त विक्रीचे गणित

गतवर्षी नववीच्या वर्गात समाजविज्ञानाच्या तासाला बाजारपेठेचा विषय निघाला. शहरात अलीकडे जी मोठमोठी स्वयंसेवा-भांडारे झाली आहेत, तेथे माल स्वस्त का मिळतो, असे आम्ही विचारले. कोणी म्हणाले, ते एकदम गाडीभर माल घेतात. कोणी म्हणाले, माल हलका असतो. एकाने तर ते तोट्यात विकतात असे ठामपणे सांगून टाकले. मागील बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याच्या वडिलांचे येथेच अनगोळात लहानसे किराणा दुकान आहे. पुन्हा विचारल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचे बाबाच तिथून तेलाच्या पिशव्या आणतात आणि आपल्या दुकानात छापील किमतीला विकतात."

वर्ग हसला, आणि मुलगा मान खाली घालून बसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. दुकानदाराने माल घ्यावा तो घाऊक पेठेत, ही आजवरची रीत. रविवार पेठेसारखी जुनी घाऊक पेठ याच शहरात असताना एका किरकोळ दुकानदाराला दुसऱ्या किरकोळ दुकानातच माल स्वस्त पडावा, हे कसे? त्या दिवशी आमच्यापाशी याचे नीट उत्तर नव्हते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आकड्यांत आमची गती बेताचीच. तरीही पुढे सवडीने जे वाचले व जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

अभ्यासासाठी 'डी-मार्ट' ही दुकानमाला आम्ही निवडली. ती एका कुटुंबाने उभारली, महाराष्ट्रात जन्मास आली, आणि तिचे हिशेब दरवर्षी जाहीर होत असल्यामुळे तर्कावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

प्रथम दुकान या संस्थेविषयीच थोडेसे. आमच्या घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत किराण्याच्या लहान दुकानास 'पोसरो' म्हणतात. पोसऱ्यात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे असतो. काय हवे ते तोंडाने सांगावयाचे, दुकानदाराने उठून ते काढावयाचे, तोलून पुडीत बांधावयाचे. अनगोळातील वाण्याच्या दुकानातही हीच रीत आहे. या पद्धतीत दुकानदाराचा वेळ फार जातो. पण त्याच वेळात तो गिऱ्हाइकाचे घर ओळखू लागतो, आणि ओळखीवरच उधारीची वही चालते.

ही फळी दूर करण्याची कल्पना अमेरिकेत रूढ झाली. मेंफिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने असे दुकान उघडले, की ज्यात गिऱ्हाइकाने हाती टोपली घेऊन आत शिरावे, प्रत्येक वस्तूवर लिहिलेली किंमत पाहून ती स्वतः उचलावी आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत. मायकेल कलन या गृहस्थाने १९३० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने जागा मोठी पण साधी घेतली, माल ढिगांनी रचला आणि नफा अगदी थोडा ठेवला. तो काळ मंदीचा होता. लोकांची झुंबड उडाली. अवघ्या सहा वर्षांत, १९३६ मध्ये, कलन मरण पावला; परंतु त्याच्या पत्नीने व मुलांनी धंदा सांभाळला. एका कुटुंबाने एका प्रांतापुरती चालविलेली दुकानमाला म्हणून तिचे उदाहरण आजही देतात.

आपल्याकडे स्वस्त दुकानाचा एक प्रयत्न झाला तो कुटुंबाकडून नव्हे, तर कामगारांकडून. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, ज्यांत बरेच विणकर होते, वर्गणी गोळा करून आपलेच दुकान काढले होते. आरंभी त्यात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. त्याच सहकारी तत्त्वावर मुंबईच्या नायगाव भागात गिरणी कामगारांनी १९४८ साली ग्राहक संस्था स्थापन केली. महायुद्धातील रेशनिंगचे आणि काळ्या बाजाराचे दिवस लोक विसरले नव्हते. चोख वजन आणि रास्त भाव या दोन गोष्टींवर ही संस्था वाढली व पुढे 'अपना बाजार' या नावाने मुंबईभर ओळखली गेली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्यांनी महिन्याचा बाजार तेथून भरला.

डी-मार्टचा उगम काही अंशी येथेच सापडतो. राधाकिशन दमाणी हे मुंबईतील मारवाडी कुटुंबातले. त्यांनी प्रथम बॉल-बेअरिंगचा व्यापार केला आणि वडिलांच्या निधनानंतर ते शेअर बाजारात शिरले. तेथे त्यांनी पैसा व नाव दोन्ही मिळविले. १९९९ मध्ये त्यांनी नवी मुंबईत नेरूळ येथे अपना बाजारचे एक दुकान चालविण्यास घेतले. शेअर बाजारातील एवढा मातब्बर गृहस्थ तूरडाळ आणि साबण यांच्या विक्रीत लक्ष घालू लागला, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. ती व्यवस्था त्यांच्या मनास पटली नाही. पण गिऱ्हाईक काय मागते, कोणता माल पडून राहतो, दुकानात पैसा कोठे अडकतो, हे तेथे जवळून पाहता आले असणार. २००० साली त्यांनी 'अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स' ही कंपनी स्थापिली आणि २००२ साली मुंबईत पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. २००४ साली हिंदुस्थान लिव्हरमधून आलेले नेव्हिल नोरोन्हा यांनी पुढे दीर्घकाळ कारभार पाहिला. बंधू गोपीकिशन प्रवर्तकांत राहिले, कन्या मंजरी चांडक यांना संचालक मंडळावर स्थान मिळाले, आणि २०१७ साली भाग बाजारात विकल्यावरही सुमारे तीन-चतुर्थांश मालकी कुटुंबाकडेच राहिली. त्या विक्रीत २९९ रुपयांना दिलेल्या भागाचा भाव पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. माल स्वस्त कसा?

पहिले कारण जागेचे. मोठ्या दुकानाचे भाडे म्हणजे दरमहा ठरलेले ओझे. विक्री होवो वा न होवो, ते द्यावेच लागते. डी-मार्टने शक्य तेथे जागा विकतच घेतल्या, किंवा फार दीर्घ मुदतीच्या कराराने घेतल्या. आणि झगमगाटाच्या व्यापारसंकुलात न जाता वस्तीजवळ घेतल्या. जागा विकत घ्यावयाची तर दुकाने भराभर निघत नाहीत. २०१० साली, म्हणजे आठ वर्षांनंतर, त्यांची दुकाने अवघी पंचवीस होती. याच काळात चेन्नईच्या 'सुभिक्षा' या दुकानमालेने देशभर सोळाशेच्या आसपास दुकाने काढली आणि २००९ मध्ये ती सारी बंद पडली. २००१ साली सुरू झालेल्या 'बिग बाजार'चे तर विशेष आहे. त्याच्या पुष्कळ जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या हाती गेले होते. भाडे थकल्यावर २०२२ मध्ये रिलायन्सने त्या जागा ताब्यात घेतल्या. दुकान चालते आहे, पाटी वर आहे, गिऱ्हाईकही येते आहे, आणि तरीही पायाखालची जमीन दुसऱ्याची! डी-मार्टची सावकाशी त्या काळी अनेकांना भित्रेपणाची वाटली असेल. आम्हांस ती शहाणपणाची वाटते.

दुसरे कारण देण्याघेण्याचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मोठी दुकाने माल उचलतात आणि पैसे कित्येक आठवड्यांनी देतात, ही व्यापारातील नेहमीची तक्रार. डी-मार्टने मालवाल्यांना आठ-दहा दिवसांत पैसे चुकते करण्याचा परिपाठ ठेवला. ज्याला पैसे लवकर मिळतात, तो भावात सूट देतो. कारण तेवढे दिवस त्याला स्वतः कर्ज काढावे लागत नाही. म्हणजे स्वस्ताईचा काही भाग केवळ वेळेवर पैसे देण्यातून येतो.

तिसरे कारण मालाच्या निवडीचे. एकाच वस्तूचे वीस प्रकार फळ्यांवर ठेवले तर त्यांतील पंधरा धूळ खातात. डी-मार्टमध्ये जे रोज खपते तेच पुष्कळ ठेवतात. त्यामुळे माल सरासरी महिन्याभरात विकला जातो व तेच भांडवल वर्षातून बारा-तेरा वेळा फिरते. शंभर रुपये वर्षातून चार वेळा फिरवून प्रत्येक फेऱ्याला पंधरा रुपये काढणारा आणि तेच शंभर बारा वेळा फिरवून प्रत्येकी पाच काढणारा, यांची वर्षाची मिळकत सारखीच होते. पण दुसऱ्याचे गिऱ्हाईक दर खरेदीत दहा रुपये वाचविते. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः मांडून पाहावे.

जाहीर हिशेबाशीही हे जुळते. २०२४-२५ या वर्षी मूळ कंपनीची विक्री सुमारे ५७,७९० कोटी रुपये आणि करानंतरचा निव्वळ नफा सुमारे २,९२७ कोटी रुपये होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे नफा पाच रुपयांच्या आसपास. मार्च २०२५ अखेर दुकाने ४१५ झाली होती. महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण, कर्नाटक, आंध्र असा त्यांचा विस्तार आहे. विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा धान्य, तेल, मसाले अशा खाद्यवस्तूंचा. साबण-भुकटी इत्यादींचा सुमारे पाचवा. उरलेला कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू यांचा. या शेवटच्या वस्तूंवर नफा जास्त सुटतो. गिऱ्हाईक साखरेसाठी येते आणि जाताना बादली घेऊन जाते. साखर स्वस्त देण्याचा थोडा खर्च ती बादली सोसते. 'ते तोट्यात विकतात' म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे.

येथे छापील किमतीविषयी सांगणे अवश्य आहे. वेष्टनात बंद केलेल्या वस्तूवर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम १९९० साली झाला. ती किंमत म्हणजे वरची मर्यादा होय. तिच्याहून कमी घेण्यास कोणाचीच आडकाठी नाही. खेड्यातील अडाणी गिऱ्हाइकाची लूट होऊ नये, हा त्या नियमाचा हेतू. परंतु त्यामुळे एक निराळीच गोष्ट घडली. छापील किमतीपेक्षा आपण किती वाचविले, हे गिऱ्हाइकास पावतीवर स्पष्ट दिसू लागले, आणि छापील किमतीलाच विकणारा प्रामाणिक वाणीसुद्धा त्याला महाग वाटू लागला.

सेवेच्या दृष्टीने पाहता डी-मार्टसारख्या दुकानात एका छपराखाली घरचा सारा बाजार होतो, भाव सर्वांना सारखा असतो, माल हाताळून पाहता येतो. काही शहरांत 'डी-मार्ट रेडी' या नावाने घरपोच मालही मिळतो. परंतु रांगा लांब असतात, बसावयास जागा नसते, आणि उधारी कोणालाही मिळत नाही. किंबहुना उधारी नाही म्हणूनच मालवाल्याला वेळेवर पैसे देता येतात. जी सेवा वाणी देतो, तीच न देण्यावर मोठ्या दुकानाची स्वस्ताई काही अंशी उभी आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

ती ध्यानात आल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले आणि म्हटले, "तुझ्या बाबांची हरकत नसेल तर तेलाचा हिशेब आणशील का?" दोन दिवसांनी तो वहीचा एक कागद घेऊन आला. त्यावर अक्षर वडिलांचे होते, आणि बेरीज त्याने स्वतः केली होती. हा हिशेब आम्ही त्यांच्या संमतीने फळ्यावर मांडला.

चोवीस पिशव्या, प्रत्येकी १४८ रुपये, एकूण ३,५५२. एका गिऱ्हाइकास ठरावीकच पिशव्या मिळतात, म्हणून घरातील तिघे निरनिराळ्या रांगांत उभे राहिले होते. छापील किंमत १६५. सर्व विकल्यास ३,९६० रुपये यावयाचे. फरक ४०८ रुपयांचा. त्यांतून जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे १२० वजा केले असता २८८ उरले. तिघांचा अर्धा दिवस हिशेबात धरलेला नव्हता.

मागच्या खेपेस हसलेली मुले या वेळी आकडे उतरवून घेत होती. एकाने विचारले, रविवार पेठेत हेच तेल केवढ्याला पडते? मुलगा म्हणाला, "दीडशेच्या वर, सर. आणि आधीची बाकी दिल्याशिवाय नवा माल देत नाहीत." ही आधीची बाकी का राहिली, असे आम्ही विचारले. तेव्हा त्याने कागद उलटा केला. मागील बाजूस गिऱ्हाइकांची नावे होती; ती त्याने हाताने झाकून धरली व फक्त आकडे वाचून दाखविले. चोवीसपैकी नऊ पिशव्या उधारीवर गेल्या होत्या. नऊ गुणिले १६५, म्हणजे १,४८५ रुपये. ते पगाराच्या तारखेपर्यंत वहीतच राहणार होते. आणि गल्ल्यात २,४७५ रुपये होते, ज्यांतून पुढच्या चोवीस पिशव्या येत नाहीत.