खांद्याचा बिंदू: कुठवर दाबायचा, कधी थांबायचे

मागच्या महिन्यात वस्तीतल्या तपासणीला एक ताई आल्या. पाच घरची धुणीभांडी करतात. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखत होता. ऊर्जा उपचार करणाऱ्या एकाने खांद्यावरचा बिंदू दाबून 'इथे ऊर्जा अडकली आहे' असे सांगितले आणि दर बैठकीचे तीनशे रुपये घेतले. सहा बैठका झाल्या, तरी ताईंना स्वतःची वेणी घालता येईना. आम्ही बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. २८६ निघाली. मधुमेहात खांदा असा आखडतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

बिंदू मात्र खरा आहे. चिनी वैद्यकात त्याच्या नावाचा अर्थ 'खांद्याची विहीर'. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड वर येते. तिथपासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्ये, मांसल भागावर तो सापडतो. दाबला की गोड कळ येते. शिलाई मशीनवर वाकून, हंडे उचलून किंवा दिवसभर झाडू मारून तिथला स्नायू दोरीसारखा ताठ होतो. दाबल्याने तो काही वेळ सैल पडतो. आमच्या मते आराम येतो तो यामुळे. ऊर्जा अडकल्याचे कुठल्याही यंत्रावर दिसत नाही. तिच्यासाठी पैसे मोजू नका.

घरच्या घरी करा. डावा खांदा दुखत असेल तर उजव्या हाताची मधली बोटे त्या जागी ठेवा, कोपर सैल सोडा आणि श्वास सोडताना सोसेल एवढाच दाब द्या. अर्धा मिनिट दाबा, सोडा, असे तीन-चार वेळा. आधी गरम पाण्याच्या फडक्याने शेकले तर उत्तम. तेल हवेच असे नाही.

गरोदर बाईच्या खांद्यावर हा बिंदू दाबू नये, अशी त्या शास्त्राचीच जुनी ताकीद आहे. ती पाळा. आणि इथे कुणालाही सुई टोचू देऊ नका. खाली फुफ्फुसाचे टोक असते. सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडते. जखम, सूज, गाठ असेल तर हात लावू नका.

खांदा दुखतो आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, यांतले काही असेल तर चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता थकवा आणि मळमळ असते. घरचे त्याला पित्त म्हणतात. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर दोन दिवसांत दवाखाना गाठा.

त्या ताईंच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या आहेत. रोज भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम दिला आहे. परवा भेटल्या तेव्हा हात कानापर्यंत पोचला होता. वेणी अजून मुलगीच घालते.