गिअरची सायकल

मुलांनो, आपले उदगीर बालाघाटच्या पठारावर वसले आहे. चढ आला, की सायकलस्वाराला धाप लागते. तेथे गिअर उपयोगी पडतात.

डोंगरी सायकलचे गिअर अंगठ्याने बदलतात. शर्यतीच्या नव्या सायकलींत बहुधा ब्रेकच्या दांड्यानेच! पुढच्या चक्राला 50 व मागच्याला 25 दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक दोनदा फिरते. वेग वाढतो, पण जोर जास्त लागतो. दोन्हींना 34 दाते असतील, तर चाक एकदाच फिरते. चढ सोपा होतो.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळाला आहे. (किताब म्हणजे येथे पुस्तक नव्हे, पदवी!)

चढावर जोर देत गिअर बदलल्यास साखळी निसटू शकते. म्हणून चढ लागण्यापूर्वीच, पायडल हलके फिरवत गिअर बदला.