कळसूबाईच्या माथ्याहून उंचावर सुरू होणारी वाट

सह्याद्रीत रुळलेल्या भटक्याला आपल्या पायांचा भारी भरवसा असतो. कळसूबाई रात्रीत झाली, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झाला. मग केदारनाथ म्हणजे बांधीव वाट, पावलापावलावर चहाच्या टपऱ्या, त्यात काय एवढं? कळसूबाईचा माथा आहे १६४६ मीटरवर. केदारनाथची पायवाट जिथून सुरू होते, ते गौरीकुंडच १९८२ मीटरवर आहे. तिथून ३५८३ मीटरवरच्या मंदिरापर्यंतचा चढ सोळाशे मीटरचा, म्हणजे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरून थेट कळसूबाई चढावी तेवढा. आणि बहुतेक यात्रेकरू तो एका दिवसात, सोळा किलोमीटर चालून उरकू पाहतात.

पायांचा प्रश्न तरी सुटतो. दोन-तीन महिने आधीपासून रोज जिने चढा, रविवारी सिंहगड नाहीतर राजगड पाठीवर वजन घेऊन करा, नवे बूट पायात मुरवून घ्या. हवेची तयारी मात्र सिंहगडावर होत नाही. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी मिळतो. त्याची सवय शरीराला लागते ती फक्त वेळ दिल्यावर. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही यात सूट नाही. उलट तोच भरभर चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

म्हणून बेत आखताना आधी मोजायचे ते दिवस. ‘हरिद्वार ते हरिद्वार चार दिवसांत’ अशा सहली सर्रास विकल्या जातात. त्या होतातही, रस्ता बंद पडला नाही आणि कुणी आजारी पडलं नाही तर! शहाण्याने सात दिवस धरावेत, आणि त्यातला एक कोरा ठेवावा.

मंदिर उघडं असतं वर्षातले साधारण सहा महिने. उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. ती बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला येते. भाऊबीजेला दारं बंद होतात, आणि केदारनाथाची पंचमुखी डोली हिवाळ्यासाठी उखीमठला उतरते. मराठी घरांतून मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात निघायची पद्धत आहे, आणि गर्दीही तेव्हाच कळसाला पोचलेली असते. जुलै-ऑगस्ट टाळावेत. १६ आणि १७ जून २०१३ च्या प्रलयात चोराबारी तलाव फुटून वाटेवरचं रामबाडा हे ठिकाणच नकाशावरून पुसलं गेलं, हे सगळ्यांना आठवतं. पण ३१ जुलै २०२४ च्या रात्रीही ढगफुटीने ही वाट तुटली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं. सर्वांत सुरेख काळ म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. हवा धुतल्यासारखी असते, रांग आटोक्यात असते. रात्री पारा शून्याखाली जातो, एवढी किंमत मोजायची.

कागदपत्रांत नोंदणी पहिली. ती उत्तराखंड पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर होते आणि फुकट होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं. सोनप्रयागला ती तपासतात. नोंदणीतली तारीख आणि रेल्वेच्या आरक्षणाची तारीख जुळवूनच पुढची बुकिंगं करावीत, कारण मेमध्ये जागा झपाट्याने भरतात.

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. विमानाने जायचं तर डेहराडूनचा विमानतळ ऋषिकेशला जवळ. ऋषिकेशपासून गौरीकुंड सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे एवढं अंतर म्हणजे सकाळचा नाश्ता पुण्यात आणि जेवण नाशकात! इथे घाट, दरडी आणि वाहतूक कोंडी धरून अख्खा दिवस जातो. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीचा संगम रस्त्यावरूनच दिसतो. तिथे जरूर थांबावं, कारण पुढच्या नदीला गंगा म्हणायला सुरुवात होते ती याच ठिकाणापासून. रुद्रप्रयागला मंदाकिनी भेटते, आणि तिथून तिचं बोट धरूनच वर जायचं. पहिला मुक्काम गुप्तकाशीला, दुसरा सोनप्रयाग परिसरात. त्या दुसऱ्या दिवशी हातात वेळ उरतो. तो खोलीत लोळण्यात घालवण्याऐवजी त्रियुगीनारायणला जावं. शिव-पार्वतीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा आहे, आणि त्या लग्नातला मानला जाणारा अग्नी मंदिरासमोर आजही तेवत ठेवलेला आहे.

खासगी गाड्या सोनप्रयागच्या पुढे सोडत नाहीत. शेवटचे पाच किलोमीटर स्थानिक जीपने. पहाटे चारला जीपच्या रांगेत उभं राहणारा दुपारच्या पावसाआधी वर पोचतो. आठला उठणारा भिजतो. डोंगरातला पाऊस बहुतेकदा दुपारनंतरच येतो, त्यामुळे हे गणित सहसा चुकत नाही.

जंगलचट्टी, भीमबली असे टप्पे घेत वाट मंदाकिनीच्या काठाने चढते. रामबाड्याजवळ पूल ओलांडून ती पलीकडच्या तीरावर जाते आणि खरी परीक्षा सुरू होते. जुनी वाट २०१३ मध्ये वाहून गेली. ही नवी लांब आहे आणि लिंचोलीपर्यंत चांगलीच दमवते. वर निघालेल्या खेचरांना नेहमी डोंगराच्या अंगाला राहून वाट द्यावी, दरीच्या कडेला उभं राहून जागा देऊ नये. धक्का लागला तर सावरायला जागा उरत नाही. घोडा, डोली किंवा माणसाच्या पाठीवरची कंडी करायची तर अधिकृत खिडकीवरून पर्ची घेऊन. घासाघीस वाटेत नको. पन्नाशीपुढच्यांनी लिंचोलीला मुक्काम करून चढ दोन दिवसांत वाटून घ्यावा. वाटेवर आणि वरही गढवाल मंडल विकास निगमची राहण्याची सोय असते, पण ती आधीच राखून ठेवावी लागते.

पाठीवर काय? रेनकोट अंगात घालायचा, छत्री नको. लोकरीची टोपी, हातमोजे, कोरड्या मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅटरी, ओआरएस आणि रोख पैसे. यूपीआयच्या भरवशावर राहणारा नेमका नेटवर्क गेल्यावर मॅगीच्या टपरीवर अडकतो.

हेलिकॉप्टर हा सोपा मार्ग वाटतो. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसीहून ती उडतात. तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच काढावीत, कारण हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं ढिगाने आहेत. पण काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर उतरवलेल्या शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही, आणि हवा बिघडली की उड्डाणं रद्द होतात. १५ जून २०२५ ला परतीच्या वाटेवरचं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळून त्यातले सातही जण गेले. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो झाल्यावर आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल म्हणतात. विरळ हवेची अडचण तेव्हाही तशीच राहणार.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं. मग आणखी वर जायचं नाही. पाणी प्यावं, आराम करावा. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा माणूस झोकांड्या देत चालू लागला, तर रात्र असो की दर्शन दहा पावलांवर असो, मदत घेऊन त्याला खाली उतरवायचंच. डायमॉक्स गोळी घरून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी तर यात्रेचा निर्णयच त्यांच्यासमोर बसून घ्यावा.

वर एक रात्र काढता आली तर फार बरं. सकाळी गाभाऱ्यात जाऊन दर्शन होतं, दुपारी मंदिर काही काळ बंद असतं आणि संध्याकाळी शृंगारदर्शन लांबून. लिंग आपल्या नेहमीच्या कल्पनेतलं गोल नाही. त्रिकोणी, खडबडीत शिळा आहे. मंदिरामागची भीमशिला बघावी. २०१३ मध्ये पुराबरोबर आलेला हा प्रचंड दगड नेमका मागे अडला आणि लोंढा दोन बाजूंना फुटला. मग पाय चालत असतील तर भैरवनाथाच्या टेकडीवर. मंदिर, त्याच्या भोवतीची वस्ती आणि पाठीमागची बर्फाची भिंत एका नजरेत येते ती तिथूनच.

उतरताना घाई नको. सोळा किलोमीटरचा उतार गुडघ्यांवर सूड घेतो, काठी तेव्हाच कामाला येते. आणि तो कोरा दिवस रस्त्याने किंवा पावसाने खाल्ला नसेल, तर उखीमठवरून चोपत्याला वळावं. तिथून वरचं तुंगनाथाचं मंदिर ३६८० मीटरवर, म्हणजे केदारनाथहूनही जवळपास शंभर मीटर उंच, पण चोपत्यापासून चढ चार किलोमीटरच्या आत. एव्हाना शरीर हवेला सरावलेलं असतं, त्यामुळे पहाटे निघालेला गट जेवायच्या वेळेला चोपत्याला परत येतो.