कढई वेगळी आहे का?

सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून नाशिकहून कल्याण, तिथून लोकलने मुलुंड किंवा घाटकोपर, घाटकोपरहून पुढे मेट्रोने अंधेरी आणि रात्री परत घर. कामानिमित्त माझा हा नेहमीचा रस्ता. मला सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य यांतलं ग्लुटेन पोटात गेलं, की माझं शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. यावर गोळी नाही, पथ्य हाच उपचार. ते पथ्य सांभाळत दिवसभर बाहेर राहताना जे उमजत गेलं, ते असं.

१. आजाराचं नाव सांगून काही होत नाही, जिन्नस विचारावे लागतात. ग्लुटेन म्हटलं की वेटर नम्रपणे मान हलवतो आणि तेल कमी घालायचं का, असं विचारतो. तोच वेटर ‘रवा आहे का, मैदा आहे का, कणीक लागते का’ हे आत जाऊन विचारून येतो आणि नेमकं सांगतो. यात रव्याचं नाव मुद्दाम घ्यावं लागतं, कारण रवा गव्हाचाच, हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. उपमा, शिरा उघडच आहेत. पण बोंबील आणि सुरमईलाही वरून बहुधा रवाच लावतात. ‘तांदळाच्या पिठात घोळवून द्याल का, आणि तव्यात तेल नवीन घ्याल का?’ असं विचारलं तर मालवणी खाणावळीत सहसा कुणी नाही म्हणत नाही. सोबत भात आणि सोलकढी. मला तरी याहून चांगलं जेवण माहीत नाही.

२. सगळ्यात मोठं आश्चर्य हिंगाचं. डबीतला बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. त्यात पीठ मिसळलेलं असतं, आणि ते बरेचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे वरण, सांबार, ढोकळा, नुसत्या बेसन-ताकाची खांडवी, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह. चिमूटभर हिंगाने काय होतं, असं वाटू शकतं. मी ती चिमूट टाळते. बाहेर फोडणीचं खाण्याआधी हिंगाची डबी दाखवायला सांगते, आणि नाही दाखवली तर बिनफोडणीचा दहीभात मागवते.

३. दुसऱ्याच्या उपवासाचा मला जितका आधार झाला, तितका कुठल्याही महागड्या मेन्यूकार्डाचा झाला नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, बटाटा, शेंगदाणे: आपल्या उपवासाच्या यादीत गहू नाहीच, आणि फोडणीलाही जिरं, हिंग नव्हे. बोरिवलीला, घाटकोपरला फरसाणाच्या दुकानांत गुजराती गिऱ्हाइकांमुळे फराळी पदार्थ एरवीही दिसतात. एकादशीला किंवा नवरात्रात तर पोटभर जेवण होतं. खरी गोम कढईत आहे. बटाटेवडा बेसनाचा असला तरी त्याच तेलात समोसे तळलेले असतात, म्हणून तो मला वर्ज्य. साबुदाणावड्यालाही हीच भीती. पण उपवास काटेकोर पाळणारं गिऱ्हाईक जिथे येतं, तिथला दुकानदार उपवासाची कढई वेगळी ठेवतो, झारासुद्धा वेगळा. मी विचारते, ‘काका, उपवासाची कढई वेगळी आहे का?’ यावर का म्हणून कुणी विचारत नाही. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकलेला आहे. मी स्वतः उपवास करत नाही. तरी अनोळखी माणसांच्या श्रद्धेपायी वेगळी ठेवलेली कढई माझं आतडं सांभाळते, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

जैन पाट्यांचा मात्र उपयोग नाही. तिथे कांदा-लसूण नसतो, गहू असतोच.

४. पदार्थ निर्दोष असला तरी तवा असेलच असं नाही. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग लेनमधल्या खाऊगल्लीत डोशाच्या तव्यासमोर मी बराच वेळ नुसती उभी राहते. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं जातं, छोट्या झाडूने चर्रकन पुसलं जातं आणि पीठ पसरलं जातं. पण त्याआधी त्याच तव्यावर बटर लावून पाव भाजला असेल, तर कडेला त्याचा चुरा काळा होऊन चिकटलेला दिसतो. झाडू तो चुरा उचलत नाही, फिरवतो. म्हणून जिथे तव्यावर फक्त डोसेच होतात आणि रवा डोसा नसतो, तिथेच खायचं. नाहीतर इडली, कारण ती वाफेवर होते. पिठात रवा नाही ना, एवढं विचारायचं.

५. ‘थोडंसं चालतं गं’ हे वाक्य परक्यांपेक्षा आपली माणसं जास्त म्हणतात, आणि प्रेमानेच म्हणतात. मग मी त्यांना विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांगते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि बाकीची माणसं खंगत असताना या आजाराची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तसा आजारही परतला. डिके यांचा गव्हावरचा आधीचा संशय पक्का झाला. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या मुलुंडच्या आत्यांनी सत्यनारायणाच्या शिऱ्याचा आग्रह सोडला आणि माझ्यासाठी केळं बाजूला काढून ठेवलं.

६. वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचावंच लागतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल, तरच ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिता येतं. २०२३च्या भरडधान्य वर्षानंतर नाचणीची, ज्वारीची बिस्किटं भरपूर आली. त्यांतल्या बऱ्याच बिस्किटांत मैदा असतो.

७. १० किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना आता कोणत्या पदार्थात ॲलर्जीचे घटक आहेत, हे सांगावं लागतं. चांगला नियम आहे. छोट्या खाणावळीला तो लागू नाही, आणि मला भाकरी मिळते ती तिथेच. भाकरी तांदळाची असली तरी ज्या परातीत कणीक मळली, त्याच परातीत ती थापली तर व्यर्थ. मुलुंडला ज्या मावशींकडे मी जेवते, त्यांना हे एकदाच सांगितलं. त्यांनी परात घासली, उलटी करून झटकली, पुसली आणि म्हणाल्या, ‘निघताना फोन करत जा. कणीक मळायच्या आधी तुझ्या दोन भाकऱ्या काढून ठेवते.’ आता कल्याणला उतरले की मी पहिला फोन त्यांना करते.